स्पीकरला ओझं घालून पाहा

साउंड सिस्टीम घ्यायला आलेल्या माणसाला दुकानात काय ऐकवायचं, हे बहुतेक ठिकाणी ठरून गेलेलं आहे. मोठ्या शहरातल्या महागड्या दुकानात ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागतं, तेही 1994 च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलं, साध्या गिटारींवर मैफलीत वाजवलेलं. नाहीतर जगजित सिंगांची गझल. खामगाव-चिखलीकडे एखादं संथ भक्तिगीत लावतात: एक गळा, मागे बासरी, बारीक तबला. आवाज मोकळा आणि गोड येतो, व्यवहार होऊन जातो. त्या जागी कुणी फाटक्या गिटारींचं भरगच्च रॉक लावा म्हणालं, तर जाणकारीच्या सुरात उत्तर मिळतं की तो नुसता गोंगाट आहे, त्यातून स्पीकरचं काही कळत नसतं.

हे उत्तर चुकीचं आहे. वर्षानुवर्षं कानावर पडल्यामुळे ते शहाणपणाचं वाटतं, इतकंच. ध्वनिशास्त्रात त्याला फारसा आधार नाही, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मंडपांत तर ते दर हंगामात खोटं ठरतं.

या जिल्ह्यात स्पीकरच्या वाट्याला एकटा गळा येतो तरी किती वेळ? शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला गावोगावच्या दिंड्या येतात, तेव्हा टाळ, मृदंग, वीणा आणि सगळ्या मंडळींचे गळे एकाच वेळी चालू असतात. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तिथला संदल निघतो. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो. पोवाडा, ढोल, घोषणा आणि भाषण यांना तोच मंच आणि तेच स्पीकर. लग्नात बँड, पोळ्याला डफडं, नवरात्रात आणि गणपतीत सगळंच. गावातला हरिनाम सप्ताह घ्या. कीर्तनकार चाल धरतात, मागचे टाळकरी रंगात येतात, आणि नेमक्या त्या क्षणी कर्ण्यातून येणारा आवाज फाटतो, शब्द बुडतात, मंडपाच्या टोकाला बसलेल्या आयाबायांना नुसती झणझण ऐकू येते. सेट घेताना जे भक्तिगीत वाजवून पाहिलं होतं, त्यात हा क्षण कधी आलाच नव्हता. रिकामी बैलगाडी घाट चढली म्हणून कापूस भरलेली गाडीही चढेल, असं कुठला शेतकरी मानत नाही. साउंडच्या बाबतीत मात्र रिकाम्या गाडीवरच पैसे मोजले जातात.

विरोधकांचं पहिलं आणि सर्वांत जोरकस म्हणणं असं: गिटारचा आवाज मुळातच फाडलेला आहे, मग वाजताना स्पीकर फाडतोय की गाणंच तसं आहे, हे ओळखायचं कसं?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर द्यायला हवं. गिटारचा आवाज फाडायची सुरुवात अपघातानं झाली. 1951 च्या 'रॉकेट 88'मध्ये बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज तसाच ठेवला गेला. 1964 मध्ये 'यू रिअली गॉट मी'साठी द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरला. पुढे तर हा आवाज ठरवून, मोजूनमापून घडवला जाऊ लागला. त्यामागचं गणित सोपं आहे. शुद्ध स्वराची लाट अ‍ॅम्प्लिफायरनं वरून-खालून कापली की त्यातून त्याच्या पटीतले वरचे स्वर निघतात. दोन स्वर एकत्र कापले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. 110 हर्ट्झचा षड्ज आणि 165 हर्ट्झचा पंचम एकत्र फाडले, तर त्यांच्या वजाबाकीतून 55 हर्ट्झ निघतो, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच षड्ज. रॉकमध्ये षड्ज-पंचमाची जोडी इतकी भारदस्त वाटते ती यामुळे. तीच जोडी षड्ज-गांधाराची केली तर बेरीज-वजाबाकीतून वेडेवाकडे स्वर निघतात आणि कानाला टोचतात. वादक हे जाणून वाजवतात.

आता हे ध्वनिमुद्रण तयार झालं. त्यातला फाटलेपणा कायमचा ठरला. दहा वेळा वाजवलं तरी तो तितकाच. उपकरण जे बिघडवतं ते त्याच्यावर चढतं, आणि चढताना लपून राहत नाही. दहा स्वर एकाच वेळी चालू असतील तर त्यांच्या 45 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीची एक बेरीज नि एक वजाबाकी धरली तर 90 परके स्वर. एका गळ्याच्या आणि बासरीच्या गाण्यात अ‍ॅम्प्लिफायरला इतकं बिघडवायला मालच मिळत नाही. भरगच्च रॉकमध्ये गिटारींचे दोन-तीन थर, बास, ढोल, झांजा आणि गाणारा गळा असं सगळं एकत्र असतं, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर थोडा जरी वाकडा चालला तरी सगळा आवाज गढूळ होतो. गिटारचा खरखरीतपणा गिटारपुरता राहायला हवा. तो गाणाऱ्याच्या गळ्यावर आणि झांजांवर सांडू लागला की दोष उपकरणाचा. दोन स्पीकर शेजारी ठेवून तेच गाणं त्याच पातळीवर वाजवलं, तर हा फरक ओळखायला संगीताची पदवी लागत नाही.

दुसरं म्हणणं जरा उच्चभ्रू आहे. सतारीला, गळ्याला, व्हायोलिनला निसर्गातला मूळ आवाज आहे, विजेवरच्या गिटारला तसा नाही, म्हणून तुलना कशाशी करायची? असं म्हणणाऱ्यांनी आधी तानपुऱ्याकडे पाहावं. तानपुऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलाईवर घासत कंप पावते, तिथे सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात आणि साध्या तारेचा आवाज मुद्दाम झणझणता केला जातो. चंद्रशेखर वेंकट रमण यांनी 1921 मध्येच दाखवून दिलं होतं की तार जिथे छेडली त्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमानं गैरहजर असायला हवेत, तेही या वाद्यांत ठसठशीत ऐकू येतात. म्हणजे तारेच्या सरळ कंपनात हस्तक्षेप करून स्वर दाट करायचा, ही कल्पना आपल्याकडे विजेच्या कितीतरी आधीची. मिरजेच्या कारागिरांनी ही कला पिढ्यानपिढ्या जपली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याच्या जवारीवर स्पीकर पारखलेला चालतो, पण गिटारच्या फाटक्या आवाजावर पारखलेला चालत नाही, ही आवडीनिवडीची गोष्ट झाली. तिला शास्त्र म्हणू नये.

शिवाय 'मूळ आवाज' म्हणतात तो दुकानात उभ्या असलेल्यांपैकी कोणी ऐकलेला असतो? गझलेतला गळा मायक्रोफोनमधून, मिक्सरमधून, कृत्रिम घुमाऱ्यातून आणि किती तरी दुरुस्त्यांतून आलेला असतो. त्या स्टुडिओत त्या दिवशी तो कसा लागला होता, हे ना विकणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. तुलना होते ती एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन वाजण्यांची. ती गझलेवर होते तशीच रॉकवरही होते.

तिसरं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. दाट आवाजात बारीक दोष झाकले जातात. मोठा स्वर शेजारच्या लहान स्वराला कानात दडपतो, हे कानाचं अंगभूत वागणं आहे. एमपी 3 घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग यांनी कसोटीला घेतलं ते सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर', त्यात वाद्यच नाही, नुसता गळा. आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीतले ओरखडे त्या उघड्या गळ्यावर लगेच दिसले. अ‍ॅम्प्लिफायरची हिसहिस, विजेची घूं-घूं, स्पीकरचा बारीक खडखडाट शोधायचा असेल तर शांत गाणंच हवं, यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या उडीवर. बारीक दोष झाकले जातात म्हणून सगळेच झाकले जातात, असं मानून मंडळी मोकळी होतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमका उलटा निष्कर्ष आहे. स्पीकरचा पडदा, खोका किंवा कर्णा एखाद्या स्वरपट्टीत स्वतःच घुमू लागतो, आणि मग त्या पट्टीतलं सगळं फुगून ऐकू येतं. स्पीकरच्या दोषांत हा मुख्य. अंगानं पसरट असे हे घुमारे ऐकणाऱ्यांना सर्वांत सहज सापडले ते पिंक नॉइजमध्ये, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेल्या अखंड खळाळत्या आवाजात. त्याच्या खालोखाल भरगच्च, सलग संगीतात. जवळून मुद्रित केलेल्या, कोरड्या, एकट्या वाद्यात ते सर्वांत कमी जाणवले. कारण उघड आहे. घुमणारी पट्टी 700 हर्ट्झवर असेल आणि गाण्यात त्या आसपास स्वर अधूनमधूनच येत असेल, तर दोष अधूनमधूनच बोलेल. आवाज सगळीकडे सतत भरलेला असेल तर तो लपणार कुठे?

ऑलिव्ह यांच्या पुढच्या चाचण्यांत ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' फार उपयोगी ठरलं, हे विरोधक हटकून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण त्या गाण्याचं सामर्थ्य त्याच्या शांतपणात नाही. गळा, गिटार, बास आणि ढोल मिळून खालपासून वरपर्यंतचा पट्टा त्यात भरतो, यात आहे. फाटक्या गिटारींचं रॉक तोच पट्टा आणखी घट्ट भरतं. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झ, गिटारची 82, आणि झांजांचा फवारा श्रवणाच्या वरच्या टोकापर्यंत. गाणं आणि पिंक नॉइज यांच्या मधली जागा कशानं घेतली असेल तर ती अशा रॉकनं. नुसता पिंक नॉइज ऐकून सामान्य गिऱ्हाईक गोंधळतं. रॉकमध्ये त्याला धरायला ताल आणि शब्द असतात.

आता ओझ्याचा खरा हिशोब. अभिजात मैफलीच्या ध्वनिमुद्रणात क्षणिक टोक आणि सरासरी पातळी यांत 20 डेसिबलच्या आसपास अंतर असू शकतं. टोकं दाबून तयार केलेल्या रॉकमध्ये ते 10 च्या आसपास येतं. कागदावर फरक दहाच आकड्यांचा, प्रत्यक्षात दहापटीचा. अ‍ॅम्प्लिफायर टोकाला 1000 वॉट देत असेल, तर पहिल्या प्रकारात स्पीकरला सरासरी 10 वॉट मिळतात, दुसऱ्यात 100. म्हणजे आवाजाचं बटण त्याच जागी ठेवून गझल वाजवली तेव्हा स्पीकर जवळपास विश्रांती घेत होता.

ही वीज बहुतांशी उष्णतेत जाते. स्पीकरच्या आतली तांब्याची गुंडाळी, जिला साउंडवाले कॉइल म्हणतात, ती तापते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यानं वाढतो. कॉइल 180 अंशांनी तापली तर रोध 70 टक्क्यांनी चढतो, तिच्यातला प्रवाह 40 टक्क्यांनी घटतो आणि आवाज चार-साडेचार डेसिबलनं खाली बसतो. मिक्सरची पट्टी तसूभरही हललेली नसते. वर-खालचे स्पीकर सारखे तापत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेला तोलही बिघडतो. अशा वेळी ऑपरेटर काय करतो? पट्टी वर ढकलतो. कॉइल आणखी तापते.

घाटावर, बुलढाणा-चिखलीला, मे महिन्यातही रात्री जरा दिलासा असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावला पारा चाळिशी ओलांडून वर जातो आणि लग्नसराई ऐन भरात असते. लोखंडी पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभे केलेले स्पीकर सुरुवातीलाच तापलेले. वीज बेभरवशाची, म्हणून जनरेटर; एकाएकी सलग भार आला की त्याचा दाबही झुकतो. पाच मिनिटांच्या गोड गाण्यावर यातलं काहीएक समजत नाही. सलग अर्धा तास भरगच्च रॉक वाजवलं की समजतं: तिसाव्या मिनिटाला बास पहिल्या मिनिटाइतकाच घट्ट आहे का, झांजा अजून वेगळ्या ऐकू येतात का, अ‍ॅम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा किती वेळा लागला.

आणि टाळ. या सगळ्या चर्चेत टाळाला कुणी विचारात घेत नाही, याचं आश्चर्य वाटतं. टाळाच्या धातूतून निघणारे उपस्वर तारेसारखे नीट पटीत नसतात, ते विखुरलेले असतात. दोन टाळ कधी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या स्वरांत लहरी उठतात. वीस-पंचवीस जोड एका वेळी वाजले की सप्तकांवर सप्तकं व्यापणारा झणत्कार तयार होतो, आणि त्यातून एका माणसाचे शब्द पोचवायचे असतात. शब्दांतली व्यंजनं, त, स, श, क, बहुतेक 2000 हर्ट्झच्या वरच राहतात, आणि टाळाचा जोरही तिथेच. फाटक्या गिटारी नि झांजांच्या दाटीत गाणाऱ्याचा शब्द शोधणं ही अगदी हीच कसरत आहे. ज्या स्पीकरवर रॉकमधला गळा गिटारींपासून सुटा राहतो, त्या स्पीकरवर कीर्तनकाराचा शब्द टाळांतून सुटण्याची आशा धरता येते. मुंबईतल्या अभंग रिपोस्टसारख्या बँडनं संतांचे अभंग बास गिटारीसोबत मंचावर नेले आहेत. ते ऐकणाऱ्याला या दोन दाटींतलं नातं वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

चौथा आक्षेप कानांचा आणि शेजाऱ्यांचा. तो गंभीर आहे, कारण डीजेनं या जिल्ह्यातल्या वृद्धांचं, आजाऱ्यांचं आणि परीक्षा देणाऱ्या मुलांचं जे केलं आहे त्याचं समर्थन कुणी करू नये. पण दाट आणि मोठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंक नॉइज हळू आवाजातही पिंक नॉइजच असतो. रॉकची दाटीही हळू आवाजात टिकते, आणि घुमारे नि गढूळपणा बोलण्याच्या पातळीवरही सापडतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद ठेवायला सांगितलं आहे. तापण्याची चाचणी घ्यायचीच तर ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, दिवसा, आणि ऐकणाऱ्यानं लांब उभं राहून घ्यावी. 85 डेसिबलला आठ तास ही कानांची सीमा मानली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. नीट पारखलेला सेट शेजाऱ्यांच्याही फायद्याचा. शब्द कळत नाहीत म्हणूनच तर पट्टी वर जाते.

कुठलंही रॉक उचलून लावलं की झालं, असं मात्र मुळीच नाही. मेटालिकाच्या 1988 च्या '...अ‍ँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बास गिटार मिक्सिंगमध्येच इतकी दाबली आहे की ती जवळजवळ ऐकू येत नाही. त्यावरून स्पीकरला बास नाही म्हणणारा स्पीकरवर अन्याय करील. त्यांचाच 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' सीडीवर इतका दाबून आला की लाटांची टोकं कापली गेली आणि चाहत्यांनी तक्रारी केल्या; त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या खेळातली आवृत्ती बरीच मोकळी होती. विरोधक हे उदाहरण रॉकविरुद्ध वापरतात. खरं तर पारखायला याहून चांगलं साधन शोधून सापडणार नाही: दोन्ही आवृत्त्या सारख्या पातळीवर एकामागून एक लावाव्यात. चांगल्या उपकरणावर त्यांतला फरक पहिल्याच कडव्यात समोर येतो. ज्या उपकरणावर दोन्ही सारख्याच वाटतात, ते स्वतःचीच भर इतकी घालतंय की ध्वनिमुद्रणातला फरक त्यात बुडून जातो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 1991 च्या 'लव्हलेस'मध्ये गिटारींच्या थरांखाली गळे मुद्दाम बुडवलेले आहेत. तिथे शब्द शोधू नयेत, थर वेगळे राहतात का ते पाहावं. ज्या गाण्याची नस ओळखीची आहे, जे पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलेलं आहे, तेच चाचणीला घ्यावं.

भजनी मंडळानं, सप्ताह समितीनं किंवा नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या पोरानं सेट घेताना आधी बोलणं ऐकावं, एक गळा ऐकावा, म्हणजे हिसहिस आणि घूं-घूं कळेल. मग भरगच्च रॉक, आधी हळू, मग लागेल त्या पातळीवर, सलग अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासाच्या शेवटी पुन्हा तोच पहिला गळा. तो सुरुवातीसारखाच लागला तर बयाणा द्यायला हरकत नाही, पण त्याआधी आपले टाळकरी सोबत न्यावेत, माईक समोर ठेवून दहा जोड टाळ वाजवावेत आणि मधे एकानं अभंगाचं चरण म्हणावं. दुकानदार एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर शेजारच्या तालुक्यातल्या दुकानात चौकशी करावी.